हिरव्या डोक्याचा दगड

॥ श्री ॥

अंबत्तूर, चेन्नई
ता. ४ जानेवारी २०२४

चि. गुंडो यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी ओरडते, तू हो हो म्हणतोस, आणि माझं बोलणं आमच्या मजल्यावरच्या चार घरांना कळतं, एकट्या तुलाच कळत नाही. सव्वीस वर्षं रोलरमागे चालून कान रस्ता खात्याला देऊन बसलास. म्हणून लिहिते. अप्पांनी चौथीपर्यंत शिकवलं तेवढ्यावर भागवून घे, चुका काढत बसू नकोस.

आमची भावजय सीतालक्ष्मी सांगत होती, मेलक्कुडीचा रस्ता चौपदरी होणार, पोंगल झाला की जेसीबी येणार. ती कडेच्या चिंचांसाठी रडत होती. रडू दे. मला एकच विचारायचंय. आपल्या जयंतीच्या सुमैतांगीचं काय?

कॅन्टीनमध्ये सोलापूरची अलकनंदा माझ्याबरोबर भात रांधते. तिनं परवा विचारलं, सुमैतांगी म्हणजे काय. सांगितलं, पोटातलं ओझं न उतरवताच जी बाई जाते तिच्या नावानं इकडे रस्त्याकडेला खांद्याएवढे दोन दगड उभे करून वर एक आडवी शिळा ठेवतात. डोक्यावर भारा घेऊन जाणाऱ्यानं तो तिथे टेकवायचा, दम खायचा, पुन्हा उचलायचा. तो टेकवतो तेवढं तिचंही उतरतं. 

पाच वर्षं झाली. सात महिन्यांची गरोदर माझी पोर कुलदेवाच्या पाया पडायला म्हणून तुझ्याकडे आली आणि तंजावरच्या इस्पितळापर्यंत पोचली नाही. ॲम्ब्युलन्स जिथे थांबली तिथेच आपण दगड उभा केला. तो जेसीबीच्या आधी हलव. देवळात नेऊन ठेवू नकोस, तो देव नाही. माणसं चालतात तिथे ठेव.

जेवत जा. बिडी सोड. माया आहे म्हणून बोलते.

तुझी अक्का,
अन्नपूर्णा


॥ श्री ॥

मेलक्कुडी
ता. २० जानेवारी २०२४

ती. अक्कास गुंडोचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बिडी कमी केली आहे. सोडली असं लिहिलं असतं तर तू सीतालक्ष्मीला फोन करून खात्री केली असतीस, म्हणून खरं लिहितो.

अक्का, दगड आताच हलवता येत नाही. नवा रस्ता कुठवर येणार तेच अजून आखलेलं नाही. आज हलवला तर उद्या पुन्हा मध्ये येईल. इंजिनिअरांकडे रस्त्यात येणाऱ्या गोष्टींची यादी आहे. झाडं, हातपंप, मुनीश्वराचं देऊळ, सगळं त्यात आहे. सुमैतांगी नाही. यादीत नाही ते राडारोडा म्हणून फोडतात. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, कागद आहे का. दगडाचा कागद कुठून आणू?

मग मला एक सुचलं. आपल्या राज्याच्या रस्त्यावरच्या मैलाच्या दगडाचं डोकं हिरवं असतं. खात्याच्या दगडाला ठेकेदाराची माणसं हात लावत नाहीत, तुटला तर भरून द्यावा लागतो. मी स्टोअरमधला उरलेला रंग घेतला. सुमैतांगीचे दोन्ही पाय पांढरे केले, वरची शिळा हिरवी केली आणि काळ्या रंगात खात्याच्या वळणाचा नंबर घातला. इतका हुबेहूब झाला की आमच्या गँगमधला शेषाद्री सलाम ठोकून गेला. जेसीबी त्याला वळसा घालून गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. काल एक बाई शेंगांचं पोतं टेकवून पाणी प्यायली. रस्ता आखला की मी स्वतः दगड कडेला नेईन.

तू निश्चिंत राहा. आशीर्वाद कमी करू नकोस.

तुझा,
गुंडो


॥ श्री ॥

अंबत्तूर
ता. ६ फेब्रुवारी २०२४

चि. गुंडोस आशीर्वाद.

पोरीच्या दगडाला सरकारी टोपी घातलीस. तिला हिरवा रंग आवडायचा नाही. ती असती तर मामाची चामडी सोलली असती. पण दगड उभा आहे ना, मग बरं केलंस. तरी रंग लावणं म्हणजे हलवणं नव्हे. आखणी झाली की त्याच दिवशी हलव.

जावईबापूंकडे सिरुसेरीला बारशाला गेले होते. जयंतीमागे गिरिधरचं हे दुसरं लग्न, त्याची बायको चांगली आहे, मला अम्मा म्हणते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, ही म्हातारी आता रडणार म्हणून. नाही रडले. बाळाला मांडीवर घेतलं. मुलगी आहे. तीन किलोचीही नसेल, पण मला पेलवेना. पाय अवघडले म्हणून सांगितलं आणि बाळ परत दिलं.

बसनं येताना दीड तास तुझ्या दगडाचाच विचार करत होते. काम उद्यावर टाकू नकोस. मनात आहेस म्हणून टोचते.

अक्का


॥ श्री ॥

मेलक्कुडी
ता. ११ मार्च २०२४

ती. अक्का, पायांवर डोकं ठेवतो.

कसं लिहू कळत नाही, सरळ लिहितो. आपला दगड गेला.

आमचा रस्ता राज्याकडून केंद्राकडे गेला. केंद्राच्या दगडाचं डोकं पिवळं असतं. हुकूम आला की राज्याचे सगळे जुने दगड काढून क्रशरला द्या, त्यांची खडी नव्या रस्त्याखाली जाईल. ठेकेदाराचे मजूर वरच्या मुलखातले, त्यांना तमिळ येत नाही, सुमैतांगी ठाऊक नाही. त्यांनी मला विचारलं, कुठले उचलायचे. मी नवव्या किलोमीटरवर उभा होतो. सव्वीस वर्षांच्या सवयीनं हातानं दाखवून सांगितलं, हिरव्या डोक्याचा एकही ठेवू नका.

चौदाव्या किलोमीटरवर मीच एक हिरवा केला आहे, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही, अक्का. जेवायला बसलो तेव्हा आलं. घास टाकून सायकलनं गेलो. मातीत दोन खड्डे होते. क्रशरवर पोचलो तर खडीचा ढीग. हिरव्या कपच्या दिसत होत्या, पण हिरवे तर सगळेच होते. आपला कुठला ते कसं ओळखू?

पाथरवटाला विचारून आलो आहे, नवा दगड घडवून देतो म्हणाला. पण रस्त्याला आता दोन्हीकडून लोखंडी कठडा बसणार आहे. पायी कुणी येणारच नाही. कुठे उभा करू ते तू सांग. शिव्या दे, पण लिही.

तुझा अपराधी,
गुंडो


॥ श्री ॥

अंबत्तूर
ता. २ एप्रिल २०२४

चि. गुंडोस आशीर्वाद. हा एक शब्द लिहायला तीन आठवडे लागले, म्हणून उशीर.

चूक तुझी आहे. असू दे असं मी म्हणणार नाही, मला तसं बोलता येत नाही. पण सीतालक्ष्मी म्हणाली, तू जेवत नाहीस, रोज त्या दोन खड्ड्यांपाशी जाऊन बसतोस. ते बंद कर. पोर माझी गेली. तू उपाशी राहून ती परत येत नाही, मला मात्र तुझीही काळजी करावी लागते.

एकच गोष्ट छातीत बसली आहे. दगड उभा होता तेव्हा माणसं तिच्यापाशी ओझं उतरवत होती. आता मद्रासहून निघालेली लॉरी तिच्या अंगावरून ओझं घेऊन जाईल, थांबणार नाही. साऱ्या राज्याचे रस्ते असेच होणार म्हणतात. होऊ देत. आमच्यासारख्यांना त्यात कोण विचारतं?

नवा दगड घडवू नकोस. जिथे कुणी चालत नाही तिथे तो कुणाचं उतरवणार? नुसता उभा राहील, मुक्यासारखा.

काल सकाळी कामाला निघाले होते. अंबत्तूर इस्टेटच्या बसस्टॉपवर एक पोरगी उभी होती, डोक्यावर पालेभाजीची भली मोठी टोपली, ओल्या गोणपाटानं झाकलेली. मान थरथरत होती. टोपली खाली ठेवायला कुणी हात देईना. सगळे फोनमध्ये. मला उशीर झाला होता, सुपरवायझर पगार कापतो. तरी गेले. तिला म्हटलं, वाक. एका बाजूनं मी धरली, एका बाजूनं तिनं, आणि टोपली खाली आली. केवढं वजन, गुंडो. ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून लांब श्वास सोडला. तेव्हा मला दिसलं, तिला पाचवा महिना तरी असेल. माझी बस गेली. दुसरी आली, तीही सोडली. मग तिला टोपली डोक्यावर चढवून दिली.

जाताना तिनं विचारलं, तुम्ही कोण, रोज इथे असता का.

मी म्हटलं, जयंतीची आई. रोज असते.

आता तू जेव. बाकी काय लिहू? लोभ तुटलेला नाही.

अक्का