अंभोऱ्याच्या घरात पडघान

मेडशी, ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुकेशनीस आजीचा जयभीम अन् आशीर्वाद.

इकडे सारे बरे. तूर फुलावर हाय, माहे गुडघे व्हते तसेच हायेत. फोनवर मले आयकू येत नाही, अन् तुही सासू बाजूले बसून सारं आयकते, म्हणून कागद घेतला. प्रौढ वर्गात चार अक्षरं शिकली, ते तुले झोडपाले पुरतात.

काल शेजारची हिरीबाई नातवाचं लसीचं कार्ड घेऊन आली. तिची सून रिसोडले माहेरी बाळंत झाली ना. मी बोट ठेवून वाचलं. खाली नर्सबाईची सही, सुकेशनी पडघान. मले वाटलं जुनं कार्ड हाय. पण लेकरू दोन महिन्याचं!

काहून वो? संघपाल अंभोऱ्याच्या घरात जाऊन तुले दीड वरीस झालं. पह्यल्या नवऱ्यानं, राजपाल पडघाननं, तुले तीन वर्साच्या पोरीसंग शेलूबाजारच्या स्टँडवर उतरवलं अन् जीप घेऊन चालता झाला. मागं वळून पाह्यलं नाही. त्याचं नाव तू अजून मिरवून राह्यली? हिरीबाई तोंडावर पदर घेऊन हासे. मले जमिनीत जावं वाटलं.

लवकर उत्तर देजो अन् नाव सोडजो. लोभ तेवढाच ठेवजो जेवढी लाज ठेवशीन.

तुही आजी, पर्बताबाई

*

रिसोड, ता. २४ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस सुकेशनीचा सविनय जयभीम.

पत्र मिळालं. आधी हसले, मग हसू आलं नाही.

आजी, ते नाव मी राजपालसाठी ठेवलं नाही. उत्पलासाठी ठेवलं. शाळेच्या हजेरीत ती उत्पला पडघान आहे. लग्न करून या घरात आलो त्या दिवशी तिनं एकच गोष्ट विचारली, की आई, तू पण पडघानच राहशील ना. मी हो म्हटलं. नऊ वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द आहे. शिवाय अकरा वर्षं झाली नोकरीला, गावोगावच्या बाया मला पडघान सिस्टर म्हणूनच ओळखतात. ते नाव आता माझ्या कष्टाचं झालं.

संघपालला विचारलं तर म्हणाले, मला तुझ्या हातच्या कळण्याच्या भाकरीशी मतलब, नाव काय चावायचं आहे? सासूबाई दोन दिवस फुगल्या होत्या. मग त्यांना आठवलं, की त्यांच्या शुगरच्या गोळ्या माझ्याच हातात आहेत.

गुडघ्याला तेल लावत जा. राग कमी कर, माया कमी करू नको.

तुझी, सुकेशनी

*

मेडशी, ता. २८ नोव्हेंबर २०२४

चि. सुकेशनीस जयभीम.

भाकरीच्या गोष्टी सांगून मले बनवू नोको. पोरीले काय समजते? उद्या म्हणीन चंद्र आणून दे, त आणशीन? तो संघपाल भोळा हाय म्हणून चाललं. दुसरा असता त उंबऱ्यातच इचारलं असतं.

आता आयक. जोवर ते नाव हाय, तोवर मी तुह्या घरचं पाणी पिणार नाही. उत्पलाच्या वाढदिवसाले माही वाट पाहू नोको. तुही माय गेल्यावर मी तुले वाढवलं ते असं पाहाले नाही.

बाकी ठीक. पर्बताबाई

*

रिसोड, ता. ४ डिसेंबर २०२४

ती. आजीस सविनय जयभीम.

तू जिंकलीस. माहेर म्हणून मला तूच एक आहेस, ते दार बंद करून मी जगू शकत नाही. येत्या सोळा तारखेला, सोमवारी, वाशीमला जाऊन नाव बदलायचं प्रतिज्ञापत्र करते. रजा टाकली आहे.

उत्पलाला सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, शाळेत पालक सभेला कोण येईल. मी म्हटलं, मीच. तर म्हणाली, मग बाईंना तू माझी कोण म्हणून सांगू? याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर कळव.

तुझी, सुकेशनी

*

मेडशी, ता. ९ डिसेंबर २०२४

चि. सुकेशनीस आजीचा जयभीम.

हे पत्र पोस्टात टाकलं नाही. सोमवारच्या आत पोचलं पाह्यजे म्हणून जानराव कंडक्टरच्या हाती देल्लं. वाशीमले जाऊ नोको.

चूक माही झाली. तुही चिठ्ठी आल्यावर मी चक्कीवर साऱ्यायले सांगत सुटली, का माह्या पोरीनं पडघानचं नाव टाकलं. ते राजपालच्या मायच्या कानावर गेलं. काल थे बुढी घरी आली. चहा पेली, पेढा ठेवला, अन् मले म्हणते, लय चांगलं केलं बाई, तुमची सुकेशनी आता अंभोऱ्याची झाली. नाव आमचं आमाले वापस आलं, आता आमची पोरगी बी वापस द्या. मायचं नाव येक अन् पोरीचं येक, मंग ते तिची कशी?

माह्या अंगाची आग झाली. पोरगी तीन वर्साची असताना रस्त्यावर टाकली, तवा ते कोणाची व्हती? ताप आला, दात पडले, अक्षरं गिरवली, तवा पडघानाईतलं कोणी आलं? मी तिले म्हणलं, कोर्टानं पोरगी मायजवळ देल्ली. अन् नाव काय तुह्या घरची परात हाय, मांगून न्याले? माह्या नातीनं ते अकरा वर्स घासलं, आता ते तिचं हाय. पेढ्याची पुडी तिच्या ओटीत टाकली अन् दार दाखवलं. हिरीबाई आज बी हासे, पण माह्या बाजूनं.

हे सारं बोलली खरं, पण तीन हप्ते मी तुले तेच सांगून राह्यली व्हती जे थे बुढी सांगे. तिच्या तोंडून आयकलं तवा समजलं.

उत्पलानं इचारलं त्याचं उत्तर मले ठाव हाय. तुमाले कोणालेच सांगतलं नाही. तुह्या आज्याच्या आधी माहं येक घर झालं व्हतं, खिल्लाऱ्याचं. तिथं मले पोरगा झाला, ग्यानबा. नवऱ्यानं सोडलं, मी तुह्या आज्याच्या घरात आली, नाव बदललं. पोरगा खिल्लाऱ्याईनं ठेवून घेतला. तो दुसरीत असताना मी त्याच्या शाळेत गेली, मुरमुऱ्याचे लाडू घेऊन. मास्तरनं माहं नाव इचारलं, मंग पोराले इचारलं, ह्या तुह्या कोण? पोरानं माह्याकडे पाह्यलं, मास्तरकडे पाह्यलं, अन् म्हणे मावशी.

तो आता पुण्याकडे हाय, त्याले नातवंडं झाली. सणासुदीले फोन करते. मले आयकू येत नाही, तरी येक शब्द बरोबर आयकू येते. मावशी.

तुही रजा खाली जाऊ देऊ नोको. सोमवारी मी सकाळच्या येष्टीनं रिसोडले येतो, मले घ्याले स्टँडवर येजो. उत्पलाले सांग, बाईनं इचारलं त पुरं नाव घेऊन सांगत जाय, ही माही माय हाय, सुकेशनी पडघान. जोरात सांगजो म्हणा.

तुही आजी, पर्बताबाई