अमावास्येला पार्क रिकामं असतं

१४ ऑक्टोबर, मंगळवार
तनया येणार. नात, वय नऊ, बंगळुरूहून. पंचवीसला परत. मुलाने, आमोदने, फोनवर सांगितलं की तिला मौजनगरी पार्कमधल्या मोठ्या रोलर कोस्टरवर बसायचंय, आणि तेही आजोबांबरोबरच. आजोबांबरोबरच! पद्मजाला दोनदा ऐकवलं. तिने चकल्यांवरून मान वर केली नाही.

दिवाळीच्या सुटीत पार्क म्हणजे अख्ख्या पुण्याचा घाम अंगाला लावून घेणं. पण सरकारी सांख्यिकी खात्यात मी काही माशा मारल्या नाहीत. प्लॅन करणार.

१५ ऑक्टोबर
वरच्या मजल्यावरचा सुखदेव (रंगाचं दुकान) जिन्यात भेटला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधल्या मुलांची बस नेतोय पार्कला. सर, येता का म्हणाला. सुटीतला सगळ्यात वाईट दिवस शोधून काढलाय गाढवाने! मी नुसता हसलो. मेंढरांना प्लॅनिंग लागत नाही.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
सापडलं! लक्ष्मीपूजन! मराठी माणूस अमावास्येला प्रवासाला निघत नाही. त्यात लक्ष्मीपूजन म्हटल्यावर दिवसभर मंडईत झेंडूच्या भावावरून भांडतो आणि संध्याकाळी घरात बसतो. पार्क चालू आहे, फोन करून खात्री केली. पद्मजा म्हणाली, अहो, पूजेचं काय. म्हटलं, पूजेआधी परत. बरं म्हणाली. तिला माझं कौतुक बोलून दाखवता येत नाही.

२० ऑक्टोबर
तनया आली. तिला गर्दीचं शास्त्र नीट समजावलं. सगळं ऐकून विचारते, मग तिथे मुलं असतील ना? लहान आहे अजून.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सकाळी ११. विजय! पार्किंगमध्ये फक्त आपली गाडी. तिकीट खिडकीतला माणूस पेंगतोय. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'डोकं वापरा.' कुणाचं उत्तर नाही. जळतात.

११.३०. किरकोळ अडचण. रोलर कोस्टरचा ऑपरेटर म्हणतो, बारा माणसं झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. डब्यांना वजन लागतं म्हणे. आम्ही दोघं. त्याला माझं अनुमान समजावलं. तो म्हणाला, साहेब, बारा.

दुपारी १. एक नवविवाहित जोडपं सापडलं. जवळजवळ हाताला धरून आणलं. बायको घाबरून निघून गेली, तिच्यामागे नवराही. भित्री पिढी.

२.३०. गेटवर उभा आहे. रस्त्याने जाणाऱ्यांना हाका मारतोय. एक जण थांबेल तर शपथ. सणासुदीला घरात कसले बसता रे!

४.००. तनया शेवटी लहान मुलांच्या आगगाडीत बसली. ती एकट्यासाठीही सुटते. गुडघे हनुवटीला लागत होते. प्रत्येक फेरीला मी हात हलवला, तिनेही हलवला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

रात्री. लक्ष्मी रोडवर अडकलो. सगळं पुणं तिथेच होतं. पूजा पद्मजाने एकटीने उरकली. निष्कर्ष: माझं अनुमान शंभर टक्के बरोबर. चूक पार्कची.

२२ ऑक्टोबर, पाडवा
तनया सकाळपासून सुखदेवकडे, त्याच्या पोरांत. पद्मजाने तिचं नाव बसच्या यादीत परस्पर दिलंय. मी विरोध नोंदवला. तनयाला बजावलं, एका राइडसाठी दोन तास रांगेत उभं राहावं लागेल. चालेल म्हणाली. हे संस्कार आमच्या घरातले नव्हेत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
पोरीला त्या कळपात एकटं सोडणं बरं नाही. परवा तर जाणारच ती. देखरेखीसाठी आपण जावं.

सुखदेवला जिन्यात गाठलं. म्हटलं, येतो, रांगेबाबत थोडं मार्गदर्शनही करीन. तो ओशाळला. सर, बस फुल्ल झाली म्हणाला. एक सीट तुमच्यासाठी धरली होती, तनयानेच सांगितलं होतं. पण काकू म्हणाल्या, ह्यांना गर्दी सोसत नाही, मीच येते.

पद्मजा? पद्मजा जातेय?

मधल्या वाटेत स्टूल टाकून बसतो म्हटलं. तर म्हणे, सर, तिथे आधीच दोन स्टुलं आहेत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी ७. बस गेली. गॅलरीतून हात हलवला. तनया खिडकीत होती, पण मांडीवर दुसऱ्याचं पोर. तिने पाहिलं नसावं.

९.००. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही. हवं होतं ते हेच. बाथरूम मोकळं, पेपर अख्खा, कुणी मध्ये बोलत नाही. फक्त चहाची पावडर सापडत नाही.

९.२०. पद्मजाला फोन केला. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या, तिला काही ऐकू येईना. हॅलो, हॅलो करून तिने फोन तनयाकडे दिला. ती ओरडली, आजोबा, आपल्यावर भेंडी चढतेय, म वरून गाणं सांगा, पटकन! मागे सगळी बस अंक मोजत होती. मला एकही सुचेना. सुचलं तेव्हा फोन बंद झाला होता. परत लावला. कुणी उचलला नाही.