फ्लेक्सवरची पैलवान

नगर,
१२ डिसेंबर २०२५, सकाळी साडेपाच

हनुमंत सर,

नमस्कार, पाया पडते, तब्येत बरी असेल, पण काल तुम्ही चुकलात. लई चुकलात! सगळ्या पोरींसमोर म्हणालात, "कॉलेजचं नाव जत्रेत विकून आलीस, आता माझ्या मॅटवर पाय ठेवू नको." मला बोलूच दिलं न्हाई. म्हणून लिहिते. कागदावर तुम्हाला मधेच शिट्टी वाजवता येत न्हाई.

आधी कबुली. आत्याच्या गावच्या जत्रेत, कुस्त्यांच्या हगाम्यात मी इनामाची कुस्ती धरली. नाव मात्र चुलतबहिणीचं सांगितलं, मोनिका. तुमच्या कानावर गेलंच नसतं. पण मी समोरचीला चितपट केलं न् लंकाआत्याला राहवलं न्हाई. शंभराची नोट घेऊन तिनं थेट माईक गाठला. बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारायची पद्धत, तर ही म्हणते, "माझं ऱ्हाऊ दे, पोरीचं पुकार! मोनिका न्हाई ती, आमची रुपाली हाय. नगरच्या कॉलेजात कुस्ती शिकती!" त्या माईकवाल्या बाबानं कॉलेजसकट तीनदा पुकारलं. वर हलगी. कुणीतरी मोबाईलवर घेतलं, आणि ते फिरत फिरत तुमच्यापर्यंत आलं.

आता विकण्याचंच बोलू. जुलैपासून तिसगावच्या स्टँडवर कॉलेजचा फ्लेक्स हाय. प्रवेश सुरू, आणि मधोमध मेडल घेतलेली मी. मला कुणी विचारलं? आई बाजाराला आली की आधी माझ्या तोंडावरची धूळ पदरानं पुसते, मग कोथिंबीर घेते. त्या तोंडावर ॲडमिशन झाली तर कॉलेजचं नाव होतं, आणि मी आत्याचे शंभर घेतले की नाव विकलं?

आम्ही कॉलेजकडं पगार मागू म्हटलं की तुम्ही म्हणता, खेळाला पगार लावला तर हरल्यावर कापायचा का? सर, घंटा उशिरा वाजली तर शिपाईमामांचा कापतात का? आणि मला एकटीला नकोच. जया सरावात रोज पन्नास वेळा माझ्याखाली आपटते, तेव्हा कुठं मी एकदा जिंकते. तिचा फोटो कुठंय? महिन्याला ठरलेलं, लेखी, आम्हा आठही जणींना. जिंको, हरो, पाय मुरगळून बसो.

आता ते दुसरं. लिहू का नको करत पान संपत आलं.

मागच्या महिन्यात ज्ञानेश्वरदादाला डबा द्यायला नागापूरला गेल्ते. कंपनीच्या गेटवर दुसऱ्या पाळीच्या रांगेत तुम्ही होता. निळा शर्ट, गळ्यात कार्ड. मी टेम्पोमागं लपले. दादा म्हणाला, "तुमचे सर व्हय? वर्ष झालं की. कॉलेजात त्यांना वर्गावरच्या तासांचेच मिळतात, कुस्तीचं काईच न्हाई." तिथून तशीच डेअरीत गेले. आमचं खुराकाचं दूध कॉलेज देतं, असं तुम्ही सांगायचा ना? भागवतकाका हसले. "कॉलेज कुठलं, पोरी. रतीब सरांच्या नावावर हाय."

म्हणून उतरले मातीत. आमचं दूध आमीच घ्यावं म्हणून. हे काल तोंडावर आलं होतं, पण पोरींसमोर कसं सांगणार?

असो. काल संध्याकाळी ऑफिसात अर्ज दिलाय. आठ सह्या. पहिली मागणी: सरांना मॅटवरच्या तासांचा पगार द्या. आमची दुसरी. तुम्ही "मागं घ्या" म्हणणार, म्हणून शिक्का मारून पोच घेतलीय.

हे पत्र तुमच्या शिट्टीच्या दोरीला बांधून खिळ्याला अडकवते. मी आणि जया पहिल्या एसटीनं पुण्याला स्पर्धेसाठी पुढं जातोय, बाकीच्या तुमच्याबरोबर येतील. उद्या वजनं हायत. यादीवर सही तुमचीच लागते. माझं नाव खोडायचं तर तिथं या, मी काट्यावर उभी असताना खोडा.

फोन बंद करतेय. जया रिक्षात बसून हाका मारतेय. निघाले.

तुमच्या दुधावरची,
रुपाली