ॲसिडमध्ये राहिलेला तुकडा

३ मार्च
आज माती खाल्ली! लॅबमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून, चाचणीला ठेवलेले वेल्डिंग केलेल्या पत्र्याचे तुकडे बाहेर काढले. जहाजाच्या तळाला हाच पत्रा लागणार आहे. गंज उतरवायला तुकडा ॲसिडमध्ये बुडवायचा आणि लगेच काढायचा. शेवटचा बुडवला आणि ताईचा फोन आला. ती शेजारणीची नक्कल करत होती, मी खी खी हसत बसले. परत येऊन बघते तर सांध्याच्या कडेने ही एवढी खाच! खाऱ्या पाण्याने नाही, माझ्या ॲसिडने पडलेली.
साहेब मागेच उभे. "अरे बाप रे, पाण्याने सांधाच खाल्लाय! कुणाचं काम हे?"
तुकड्यावर वेल्डरचा नंबर ठोकलेला असतो. नंबर भावोजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा. आणि मी? मूग गिळून गप्प.

४ मार्च
रिपोर्ट गेला. खाली सही माझी.

७ मार्च
भावोजींना जहाजावरून काढलं. आता यार्डाच्या कुंपणाचे गज जोडतात. इतकी वर्षं जहाजं जोडलेला माणूस! ताई फोनवर म्हणाली, "जेवणात लक्षच नाही गं त्यांचं. तू तरी नीट बघितलं होतंस ना?" मी म्हणाले, कुकर लावलाय, नंतर बोलते. कुकर कुठला नि काय. इतकी लाज वाटली की फोन उशीखाली दडपून ठेवला.

१० मार्च
उद्या साहेबांना सांगायचं. नक्की.

११ मार्च
नाही सांगितलं. साहेब आज खुशीत होते म्हणे! काय पण कारण.

१५ मार्च
भावोजींना तरी सांगू, म्हणून ताईकडे गेले. तर तेच आधी बोलले. "चूक सापडली मला. वेल्डिंगच्या कांड्या ओलसर राहिल्या असणार. घाईत असेन बहुतेक. नाहीतर असं होईल कसं? लॅब काय खोटं सांगते?"
बहुतेक! बिचाऱ्यांनी आठवून आठवून स्वतःची चूक शोधून काढली. आणि मी मान हलवली. चक्क मान हलवली! आणि वर ताई मला आग्रहाने वाढत होती.

१७ मार्च
प्रत्येक सांध्याचे दोन तुकडे टाकीत सोडतो आम्ही. भावोजींचा दुसरा अजून पाण्यातच होता. आज काढला. ॲसिडजवळून हललेसुद्धा नाही. गंज उतरला तशी कड दिसली — खाच नाही, साधा ओरखडा नाही. साहेब रजेवर. उद्यावर टाकलं तर पुन्हा शेपूट घालीन. तुकडा पर्समध्ये टाकून ताईकडे निघाले आहे.

१८ मार्च
सगळं सांगितलं. ॲसिड, फोन, सही, सगळं. भावोजींनी तुकडा उलटसुलट करून पाहिला नि माझ्या हातात परत दिला. "दुसऱ्याच्या चांगल्या तुकड्यावर माझा नंबर काय, कुणीही ठोकेल. माझ्यापायी नोकरी घालवू नकोस."
ताईने मला घट्ट जवळ घेतलं. म्हणाली, "आमच्यासाठी एवढं खोटं दुसरं कुणी बोललं नसतं गं!"