सुधाकरभाऊंचा थरथरता हात

रविवार, घुग्घुस

आजचा झटपट बुद्धिबळाचा शेवटचा डाव बरोबरीत सुटला. सुटला कसला, मीच सोडला. समोर सुधाकरभाऊ होते, मले हा खेळ शिकवणारे. माझा डाव जिंकल्यातच जमा होता. भाऊंच्या घड्याळात मोजून नऊ सेकंद, अन् बटन दाबताना त्यांचा हात थरथरत होता. पाहवलं नाई. मुद्दाम तोच तो शह देत राह्यलो. तीनदा तीच मांडणी आली, नियमानं बरोबरी.

"काऊन गा, पट पाहून खेळतं, का माहा हात पाहून?" एवढंच बोलून भाऊ निघाले. चहालेही थांबले नाई.

घरी डाव परत मांडला. भाऊंजवळ हत्ती बळी देऊन डाव बरोबरीत सोडवायची चाल होती. त्यांनीच मले शिकवलेली, अन् मलेच दिसली नाई. त्यांची हक्काची बरोबरी मी त्या थरथरत्या हातावर भीक म्हणून ठेवली.