मंगेशची काडी

पवनी, १८ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
प्रतिक्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला हल्ली मोठ्यानं बोलवत नाही, म्हणून पत्र. धानाचे रोवणे आटोपले. शेतावर गेलेली माझ्या पाचवीच्या वर्गातली पोरं शाळेत परतली, मंगेश सोडून. गेल्या महिन्यात त्याला धानाच्या बांधीत साप चावला. आजोबांनी आधी मांत्रिकाकडे नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

तू शिकवलेला डब्याचा खेळ बंद आहे. प्रत्येकाच्या नावाची कुल्फीची काडी, ज्याची निघेल त्यानं एक ‘काहून’ विचारायचा, कारण सगळ्यांनी शोधायचं. मागच्या रांगेतली पोरंही त्या खेळानं बोलायला लागली होती. एकटी उर्वशी, मंगेशची चुलत बहीण, तोंड उघडत नव्हती. मंगेशची काडी अजून डब्यात आहे. काढवत नाही, ठेववतही नाही. मी फळ्यावर लिहिते, पोरं उतरवून घेतात. मला काहीच वाटत नाही आत्या, आणि त्याचीच भीती वाटते.

माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझी प्रतिक्षा

मोहाडी, २४ ऑगस्ट २०२४

चि. प्रतिक्षास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे, म्हणजे हात तरी जागेवर आहे. जन्मभर शिकवलं मी, पण गप्प वर्ग शहाणा असतो असं मला कधी वाटलं नाही. काडीचं तू एकटी ठरवू नकोस. पोरांना विचार, आणि असं का वाटतं तेही सांगायला लाव. दोन घास जेवत जा. तुझं असं पत्र आलं की मला जेवण जात नाही.

वाट बघणारी,
आनंदा आत्या

पवनी, १ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. डिंपल म्हणाली, काढून टाका, भेव लागते. बाकीच्यांचं म्हणणं, हजेरीतून नाव गेलं म्हणून तो आपला नव्हता असं थोडंच होतं. ठरलं की काडी राहील, निघाली तर त्याच्या वतीनं कोणीही विचारावं. गुरुवारी निघाली. मग उर्वशी उभी राहिली.

“मंगेशले पहिले दवाखान्यात काहून नाही नेलं?”

विषय बदलावासा वाटला, पण खेळ म्हणजे खेळ. विष मंत्रानं का उतरत नाही, बिनविषारी साप चावलेला माणूस बरा झाला की गाव मांत्रिकाचं नाव का घेतं, हे पोरांनीच एकेक करून मांडलं. अडले की मी विचारत होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मंगेशचे आजोबा, सोमाजी, वर्गाच्या दारात उभे. घरी उर्वशीनं सगळं बोलून टाकलं होतं. आता गाव माझ्यावर उठणार असं मी धरून चालले. ते चप्पल काढून आत आले आणि मंगेशच्या जागेवर बसले. म्हणाले, “पोरायले जे समजलं, ते मलेही सांगा, बाई.”

उर्वशीनं उठून सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

घरी येऊन मी रडले, आत्या. मग जेवले.

तुझा हात असाच डोक्यावर राहू दे.
प्रतिक्षा