समर्पित रक्कम

ता. ४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. आम्ही दोघे ठीक आहोत. तुझे काका सकाळी फिरायला जातात आणि स्वस्त मिळाली म्हणून नको ती भाजी घेऊन येतात, म्हणजे प्रकृती उत्तम असे समज. तुझे बाबा मात्र तसेच. जेवायला बोलावले की येतात, ताट संपवतात, जातात. ताई गेल्यापासून त्या माणसाने आपणहून काही विचारल्याचे मला आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट. दवाखान्याचे मोठे साहेब महिनाअखेर निवृत्त होतात आणि त्याआधी चार-पाच दिवस नगरभवनात त्यांचा जंगी सत्कार आहे. होय, तेच. ताई न्हाणीघरात पडली त्या सकाळी तुझे बाबा धावत गेले तर रुग्णवाहिका छपराखाली धुऊनपुसून उभी, आणि चालवायला माणूस नाही. तेव्हा हेच साहेब त्यांना म्हणाले होते, की सरकारने गाडी दिली पण ड्रायव्हरच्या पगाराचे पैसे वरून आलेच नाहीत, मी काय खिशातून देऊ? मी देवापुढे बसते तेव्हा हात जोडलेले असतात आणि कानात ते वाक्य असते. कुणाचे वाईट चिंतू नये हे मला कळते. म्हणून देवाला एवढेच सांगते, की त्यांना भरपूर आयुष्य दे, फक्त झोप देऊ नकोस.

तू लिहिले होतेस की सरकारचा अर्थसंकल्प कुणालाही बघता येतो, मागायला लाजू नये. म्हणून मनाचा हिय्या करून कचेरीत गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, की बाई, यात स्वयंपाकाच्या कृती नसतात. मी म्हटले, बाबा रे, कृती मला येतात, सामान कुठे गेले ते बघायचे आहे. मग त्याने ते जाडजूड पुस्तक दिले आणि मी बाकावर बसून पाने उलटली. गेल्या वर्षीच्या दवाखान्याच्या पानावर ओळ सापडली, 'रुग्णवाहिका चालक, वेतन'. पुढे मंजूर रक्कम आहे. खर्चाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. आणि शेवटच्या रकान्यात ती सगळीच्या सगळी रक्कम, आणि डोक्यावर शब्द, 'समर्पित'.

मुंगी, माझे मनच पालटले. हा शब्द मी पोथीबाहेर कधी वाचला नव्हता. म्हणजे त्या माणसाने ते पैसे कुठल्याशा पुण्याच्या कामी वाहिले, अनाथांना म्हण, आंधळ्यांना म्हण, आणि दानाची वाच्यता नको म्हणून 'आलेच नाहीत' म्हणाला. चुकलाच, कारण ताईचा जीव गेला. पण पाप करायला गेला नव्हता. मी घरी येऊन देवापुढे नाक घासले आणि त्याला माफ केले. सत्काराची वर्गणीसुद्धा दिली, तीही न घासाघीस करता. मॅट्रिकपर्यंतचे का होईना पण माझे अक्षर वळणदार, म्हणून सत्काराच्या मंडळाने मानपत्र लिहायचे आणि वाचायचे मला सांगितले आहे. मी हो म्हटले.

तर तुमच्या संस्थेतून एवढे कळेल का, की ती रक्कम कुणाला समर्पित केली? मानपत्रात तसे नीट घालीन.

स्वेटर घालत जा. इथली माया तिकडे पोचते आहे असे धरून चाल.

तुझी,
मावशी


ता. ११ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस,

मुंगीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. खाली शिंप्याचं दुकान आहे, त्याच्या मशीनच्या आवाजात कुणी रडलं तरी ऐकू जात नाही, एवढी सोय आहे.

मावशी, समर्पित म्हणजे वाहिलेलं नव्हे. सरकारी भाषेत समर्पित म्हणजे आलेला पैसा वर्षभर न वापरता, वर्षअखेर जिथून आला तिथे परत पाठवणं. अनाथ नाहीत, आंधळे नाहीत, कुणी नाही. पैसा आला, बसला, गेला.

आमचं काम तू विचारतेस आणि मी नेहमी टाळते, कारण 'हिशेब तपासते' म्हटलं की तू मला दुधाचा हिशेब विचारतेस. आम्ही हेच बघतो. लोकांच्या नावावर कुठे किती पैसा आला, त्यातला किती लोकांपर्यंत पोचला, आणि जो पोचला नाही तो कुणी का अडवला. मग ते साध्या भाषेत छापून सगळ्यांपुढे ठेवतो, पुढच्या वर्षी तीच ओळ तशीच राहू नये म्हणून भांडतो. तुझ्या पत्रानंतर मी आपल्या दवाखान्याचे कागद मागवले. ड्रायव्हर नेमायची जाहिरात तयार होती. मोठ्या साहेबांची एक सही हवी होती. ती झाली नाही. का, तर नेमणूक केली की चौकश्या, अर्ज, तक्रारी; परत पाठवलं की काही नाही. उलट परत पाठवल्याबद्दल त्यांना वरून अभिनंदनाचं पत्र आलं. विषय : काटकसर.

यंदाही ड्रायव्हरचा पैसा आलाय आणि यंदाही मार्चअखेर तो परत जायच्या वाटेवर आहे.

आता हात जोडून सांगते, तू काही करू नकोस. सगळ्या गावांच्या दवाखान्यांवरचा आमचा अहवाल पुढच्या महिन्यात निघतोय. आमचा नियम आहे, खातं लिहायचं, माणूस लिहायचा नाही. आमच्या संचालक बाई म्हणतात, माणसाचं नाव घेतलं की खातं सुटतं. उद्या कुणी म्हणालं की ही त्या वारलेल्या बाईची मुलगी, सूड उगवतेय, तर बाकीच्या गावांचं खरंही खोटं ठरेल.

हे सगळं मला पटतं. पण काल तक्त्यात ती ओळ भरताना पेन एवढं दाबलं गेलं की कागद फाटला. बाईंनी दुसरा कागद दिला.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

काकांना नमस्कार. तुझा हात डोक्यावर आहे तोवर माझं बरं चाललंय.

तुझी,
मुंगी


ता. १५ फेब्रुवारी

चि. मुंगीस, आशीर्वाद.

काटकसर! मी साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवून वापरते. उकळत्या चहावर झाकण ठेवते, गॅस वाचतो म्हणून. तुझे काका मला कंजूष म्हणतात तेव्हा मी मनातून खूष होते. तो माझा शब्द आहे, मुंगी. काटकसर म्हणजे गरजेचे आधी करायचे आणि उरेल ते राखायचे. भुकेल्यापुढचे ताट उचलून कपाटात ठेवणे ही काटकसर नाही, ती चोरीची सख्खी बहीण.

वर्गणी परत मागायला गेले. खजिनदार म्हणतो, आलेला पैसा परत जात नसतो. मी म्हटले, तुमच्या साहेबांना विचारा, ते शिकवतील.

आणि देवाची फसवणूक झाली ती वेगळीच. माझ्याकडून त्याच्यासमोर नको त्या माणसाला माफी देवविली गेली. ती मी काल रीतसर परत घेतली.

तुझा नियम तुझ्यापाशी. मी संस्थेची नव्हे, मी ताईची बहीण. मानपत्र माझ्या हातात आहे. त्याने सगळ्या गावापुढे स्वतःच्या तोंडाने म्हणावे, की पैसे आले होते. मला दुसरे काही नको. नाही म्हणाला तर जे तोंडाला येईल ते वाचीन, आणि माझ्या तोंडाला बरेच काही येते.

ऊन वाढते आहे, पाणी पीत जा. रागातसुद्धा तुझी आठवण गोडच येते.

मावशी


ता. १९ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस, सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आई म्हणायची की तुला अडवण्यापेक्षा तुझ्यामागून चपला घेऊन पळणं सोपं.

म्हणून एकच मागणं. मानपत्रात एकही शिवी नको, एकही खोटा शब्द नको. शिवी दिलीस तर गावाला तुझी शिवी लक्षात राहील आणि त्यांचं काम विसरलं जाईल. जे त्यांच्या पुस्तकात छापलंय तेवढंच वाच. त्यांचाच शब्द, जसाच्या तसा.

हे मी संस्थेची म्हणून लिहीत नाहीये. पत्र वाचून झालं की फाडून टाक. तू फाडणार नाहीस, मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी करशील, तेही चालेल.

जपून. माझा जीव तुझ्यात आहे.

मुंगी


ता. ८ मार्च

चि. मुंगीस,

मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इतके दिवस लिहिले नाही, कारण काय लिहावे तेच ठरत नव्हते. आता ऐक.

नगरभवन भरले होते. पुढच्या ओळीत अध्यक्ष, मागे सगळा गाव, तुझे बाबा कडेच्या खुर्चीवर. साहेब मंचावर, नव्या कोटात, फुलांच्या गुच्छाआडून हसत. मी मानपत्र उघडले. तुझे ऐकले हो. लिहिले ते एवढेच, की साहेबांनी आपल्या कारकिर्दीत रुग्णवाहिका चालकाचे संपूर्ण वेतन समर्पित केले, त्यातला एक पैसाही स्वतःकडे वा दवाखान्याकडे ठेवला नाही. सावकाश वाचले. 'समर्पित' म्हणताना थांबले आणि मान वर केली. वाटले, आता टाचणी पडली तरी ऐकू येईल.

टाळ्या पडल्या, मुंगी. कडाकडा. अध्यक्ष उठून उभे राहिले, मग सगळे सभागृह उभे राहिले. मागून कुणीतरी ओरडले, की वा साहेब, असा त्याग पाहिला नाही. मी जिथे फसले तिथेच अख्खा गाव फसला, आणि फसवला कुणी, तर मी!

त्या गर्दीत त्या शब्दाचा अर्थ दोघांनाच ठाऊक होता. साहेबांचे हसू जागच्या जागी वाळले. मला कळले आहे हे त्यांना कळले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. पण टाळ्या थांबेनात, मग बिचाऱ्याने हात जोडले आणि वाकून त्या घेतल्या. नाही कसे म्हणणार? काय म्हणून नाही म्हणणार?

घरी येऊन मी देवाशी भांडले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तुझे काका म्हणाले, की सत्कार करावा तर तुझ्यासारख्या शत्रूने.

पण पुढचे ऐक. गावाला त्या त्यागाची उत्सुकता लागली. अंधशाळेच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, की आमच्याकडे तर काही आले नाही, मग कुणाकडे समर्पित केले? अनाथाश्रमवाले म्हणाले, की आमच्याकडेही नाही. लोक साहेबांच्या ओट्यावर जाऊन विचारू लागले, भक्तिभावाने. साहेब पहिल्या दिवशी म्हणाले, की राहू द्या, बोलू नये. लोकांना ते आणखीच आवडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, की वर पाठवले. निवृत्त पोस्टमनने विचारले, वर म्हणजे देवाला का? तुझ्या गळ्याशपथ, मी यातले काही केलेले नाही. मुख्याध्यापिकाबाईंना मीच ओट्यापर्यंत सोबत केली एवढेच.

त्या बाई मुलांना एकच गणित तीनदा विचारणाऱ्या. कुणाला, कधी, पावती आहे का. साहेब वैतागले आणि सगळ्यांसमोर ओरडून म्हणाले, की अहो समर्पित म्हणजे परत, सरकारला परत केले! बाई म्हणाल्या, असे होय. म्हणजे पैसे आले होते तर. साहेब म्हणाले, की आले होते.

मी ओट्याच्या पायऱ्यांचा कठडा धरून उभी होते. लाकडाचे कुसळ बोटात गेले, ते घरी येऊन काढले.

संध्याकाळपर्यंत गावभर झाले. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. दूधवाल्याने त्यांच्या दाराशी थांबून विचारले म्हणे, की दूध घेणार की समर्पित करू. कार्यालयातल्या शेवटच्या दिवशी साहेबांनी यंदाच्या ड्रायव्हरच्या जाहिरातीवर सही केली. ती रक्कम परत जाणार नाही हे तू तिकडून बघ, ते तुझे काम. तुझ्या अहवालात तुझ्या नियमाप्रमाणे खातेच लिही. माणसाचे आम्ही इथे बघतो.

तुझ्या बाबांना मी सांगितले नव्हते. पण गाव सांगतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि साहेबांच्या ओट्यावर जाऊन बसले. हळू आवाजात विचारले, की साहेब, पैसे आले होते का? साहेबांनी मान खाली घालून हो म्हटले. तुझे बाबा बरे म्हणाले आणि उठून घरी आले.

तेव्हापासून रोज जातात. तोच सदरा, तोच प्रश्न. काल पुन्हा. आज पुन्हा. चढा आवाज नाही, रागावणे नाही. विचारायचे, उत्तर ऐकायचे, आभार मानायचे आणि उद्या येतो म्हणायचे.

आज दुपारी साहेबांच्या बायको माझ्याकडे आल्या. डोळ्यांत पाणी होते. म्हणाल्या, की तुम्ही भक्तिभावाच्या बाई, तुमच्या भाऊजींना समजावा, एकदा सांगून झाले ना, आता रोज रोज काय? मी त्यांना बसवले. चांगला दुधाचा चहा केला, साखर हात न आखडता घातली. मग म्हटले, की आमच्या भाऊजींना हल्ली एकदा सांगून समजत नाही हो. बायको गेल्यापासून तसे झाले आहे. साहेबांना म्हणावे, जरा सावकाश सांगत जा, रोज.

तू आनंदात राहा. अंतर पडले तरी अंतरात अंतर नको.

तुझी,
मावशी